नाताळचा ख्रिस्ती अर्थ आणि वैयक्तिक विश्वास : डिसेंबरात काय वाचावं, काय करावं?

रानफूल (प्रश्न)

नाताळची बाहेरची तयारी वेळेवर होते : सजावट, गाणी, भेटवस्तू, उपासनेच्या वेळा. ज्याच्या जन्माचा सण आहे त्याच्याविषयी मात्र "तो आपल्यासाठी जन्मला" एवढ्या एकाच वाक्यावर सगळं येऊन थांबतं. त्या वाक्यात काय काय भरलेलं आहे ते नीट समजून घ्यायचं आहे.

माझे प्रश्न असे आहेत. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे नाताळचा गाभा काय? पवित्र शास्त्रातला (बायबलमधला) कोणता भाग, कोणत्या क्रमाने आणि रोज किती वाचावा? २५ डिसेंबर ही तारीख आणि लूकच्या शुभवर्तमानातली नावनिशी (शिरगणती) यांवर आक्षेप घेतले जातात, त्यांचं काय? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, हे सगळं खरं आहे असं मान्य असूनही मनाला भिडत नसेल तर तो विश्वास म्हणायचा का? जाणकारांनी शक्य तितकं नेमकं लिहावं. "प्रार्थना करा, सगळं समजेल" एवढ्यावर थांबू नये, ही विनंती.

---

कोनशिला

गाभा एका शब्दात सांगायचा तर देहधारण. योहान १:१४ मध्ये (योहानाचं शुभवर्तमान, अध्याय १, वचन १४) तो चार शब्दांच्याही आत आला आहे : शब्द देही झाला. सुरुवातीला देवाबरोबर असलेला, स्वतः देव असलेला, ज्याच्याद्वारे सगळं निर्माण झालं तो माणूस झाला. त्याच वचनात पुढे "वस्ती केली" असं आपण वाचतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ "तंबू ठोकला" असा आहे. रानात इस्राएल लोकांच्या छावणीच्या मधोमध निवासमंडप उभा असे आणि परमेश्वराचं तेज तो भरून टाकी (निर्गम ४०:३४). योहानाला तेच आठवतं आहे, फक्त आता तो मंडप कापडाचा आणि कातड्याचा नाही, हाडामांसाचा आहे.

मराठीत लिहिता-बोलताना इथे एक घोटाळा होतो. "अवतार" हा शब्द सहज तोंडी येतो, पण ख्रिस्ती शिकवण त्यात मावत नाही. अवतार अनेक असू शकतात आणि कार्य संपलं की तो देह सोडता येतो. देहधारण एकदाच झालं आणि ते कायमचं आहे. पुनरुत्थित येशू शिष्यांना हातपाय दाखवतो, त्यांच्यासमोर खातो (लूक २४:३९-४३). त्याने माणूसपण काढून ठेवलेलं नाही.

दुसरा घोटाळा दोन टोकांचा आहे. एका टोकाला येशू हा देवाने निवडलेला थोर माणूस, दुसऱ्या टोकाला माणसाचं रूप पांघरलेला देव. मंडळीला हे शब्दांत नीट मांडायला शतकं लागली. ३२५ साली निकिया इथल्या धर्मसभेत ठरलं की पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, निर्माण केलेला नाही. त्याउलट आरियस या धर्मशिक्षकाचं म्हणणं होतं की पुत्र नव्हता असा एक काळ होता. ४५१ साली खाल्केदोन इथल्या धर्मसभेत ठरलं की ख्रिस्त ही एकच व्यक्ती आणि तिचे स्वभाव दोन, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. त्यांत मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. हे चार "नाही" पाठ करण्यासारखे आहेत. नाताळच्या कुठल्याही प्रवचनात वा गाण्यात काही खटकलं, तर या चौघांपैकी कुठला मोडला ते बघा, चूक लगेच सापडते.

याचा आपल्याशी काय संबंध? चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने तो एका ओळीत सांगितला : जे धारण केलं गेलं नाही, ते बरंही झालं नाही. येशूचं मन, भीती, थकवा, मरण यांतलं काही नाटकी असेल, तर आपलं तेवढं दुखणं त्याच्या हाताबाहेर राहिलं. इब्री २:१४-१८ हेच सांगतं. मरणाच्या भयाने जन्मभर दास्यात असलेल्यांना सोडवायचं म्हणून तो रक्तमांसाचा झाला. म्हणून गव्हाणी वधस्तंभापासून तोडून पाहता येत नाही. मत्तय १:२१ मध्ये नाव ठेवतानाच कारण दिलं आहे. "येशू" हे नाव ज्या इब्री नावावरून आलं त्याचा अर्थ "परमेश्वर तारण करतो" असा आहे, आणि तारण कशापासून हेही देवदूत लगेच सांगतो : त्यांच्या पापांपासून. रोमी सत्तेपासून नाही, गरिबीपासूनही नाही. निदान त्या वचनात तरी नाही.

नाताळच्या वाचनात "पाप" हा शब्द आला की तो हळूच गाळण्याची सवय असते, सणाचा रंग उतरेल म्हणून. तो गाळला की "तारणारा" या शब्दाला काम उरत नाही, आणि मग बाळ गोड आहे एवढंच शिल्लक राहतं.

---

पहाटतारा

वाचनाचं सांगतो. आधी सर्वांना माहीत असलेली पद्धत : लूकचे अध्याय २४ आहेत, म्हणून १ ते २४ डिसेंबर रोज एक. पद्धत चांगली आहे, नाताळच्या आदल्या दिवशी पुनरुत्थानापर्यंत पोहोचता येतं. पण बहुतेकांची ती पहिल्या आठवड्यातच मोडते आणि त्याचं कारण साधं आहे. पहिल्याच दिवशी ८० वचनांचा अध्याय येतो, दुसऱ्या दिवशी ५२ वचनांचा. जन्मकथा २ तारखेलाच संपते, आणि प्रत्यक्ष नाताळाला ती तीन आठवडे जुनी झालेली असते.

त्यापेक्षा छोटे तुकडे घ्या. दिवसाला फार तर वीसेक वचनं, वेळ १५ मिनिटं.

१ ते ६ डिसेंबर वाट पाहण्याचे उतारे : यशया ९:२-७, यशया ११:१-१०, यशया ४०:१-११, मीखा ५:२-५, मलाखी ३:१-४, आणि स्तोत्र १३०. हा आठवडा गाळू नका. ज्याची वाट पाहिलीच नाही, तो आला तरी घरात कुणी आलं असं वाटत नाही.

७ ते १२ हे सहा दिवस लूकच्या पहिल्या अध्यायाला द्या. तो सहा ठिकाणी छान तुटतो : ५-२५ जखऱ्या (बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप), २६-३८ मरीयेला निरोप, ३९-४५ अलीशिबेची भेट, ४६-५६ मरीयेचं गीत, ५७-६६ या योहानाचा जन्म, ६७-८० जखऱ्याचं गीत. मरीयेच्या गीताच्या दिवशी १ शमुवेल २:१-१० मधली हन्नाची प्रार्थना शेजारी ठेवून वाचा. ओळीमागून ओळ जुन्या करारातून उमललेली दिसेल.

१३ आणि १४ ला मत्तय १. वंशावळ (१:१-१७) वाचायचीच. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग आहेत आणि मधूनच तामार, राहाब, रूथ आणि "उरीयाची बायको" अशा चौघी येतात. चौघींच्याही कहाण्या अवघड आहेत, आणि निदान दोघी तरी परक्या वंशाच्या. मत्तयाला सोयीच्या आज्या निवडता आल्या असत्या. त्याने या निवडल्या. १४ ला १:१८-२५, म्हणजे योसेफ. १५, १६, १७ ला योहान १ : वचनं १-५, ६-१३, १४-१८.

१८ ते २३ नव्या करारातली पत्रं, कारण नाताळचा अर्थ पत्रांत सर्वांत स्वच्छ मांडला आहे : फिलिप्पै २:५-११, गलती ४:४-७, इब्री २:१४-१८, २ करिंथ ८:९, तीत ३:४-७, १ योहान ४:९-१०. २४ ला लूक २:१-७ आणि २५ ला २:८-२०.

आणि २५ ला थांबू नका! पाश्चात्त्य परंपरेत नाताळ हा एक दिवस नाही, ५ जानेवारीपर्यंतचे १२ दिवस आहेत. २६ ला पहिला हुतात्मा स्तेफन, २७ ला प्रेषित योहान, २८ ला हेरोद राजाने मारलेली बालकं (मत्तय २:१३-१८), १ जानेवारीला आठव्या दिवशीचं नामकरण (लूक २:२१), ६ ला मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी (मत्तय २:१-१२). मंदिरात बाळाला भेटणारे शिमोन आणि हन्ना (लूक २:२२-४०) मधल्या कुठल्याही दिवशी घ्या. परंपरेने त्यांचा सण ४० व्या दिवशी, २ फेब्रुवारीला येतो, कारण लेवीय १२ मध्ये मुलगा झाल्यावर शुद्धीकरणाचे दिवस ७ अधिक ३३ असे आहेत. त्याच अध्यायात कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील अशी सवलत आहे. लूक २:२४ मध्ये पक्ष्यांचीच जोडी आहे. घरची परिस्थिती कशी होती हे लूक असं सांगून जातो.

१५ मिनिटं अशी वाटा : २ मिनिटं गप्प बसणं, ५ मिनिटांत उतारा दोनदा (दुसऱ्यांदा मोठ्याने), ५ मिनिटं एकाच वाक्यावर थांबणं, ३ मिनिटं प्रार्थना. प्रार्थना उताऱ्यातल्याच शब्दांनी सुरू करा, म्हणजे रोज त्याच त्या मागण्यांची यादी होत नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. एक, वाचन फोनवर असेल तर दुसऱ्या मिनिटाला दुसरीकडे बोट जातं. कागदी पुस्तक घ्या. दुसरं, टीकाग्रंथ (उताऱ्याचा अर्थ उलगडणारं पुस्तक) आधी उघडला की उतारा ऐकायच्या आधीच त्याची उत्तरं मिळतात. तो रविवारपुरता ठेवा. तिसरं सर्वांत जास्त घडणारं : दोन दिवस बुडतात, मग तिसऱ्या दिवशी तीन दिवसांचं एकदम वाचायचा प्रयत्न होतो, ते ओझं होतं आणि सगळंच सुटतं. बुडालेलं सोडून द्या, आजच्या तारखेचं वाचा. ही परीक्षेची तयारी नाही.

---

दिवटी

तारखेविषयी थोडक्यात. शुभवर्तमानांत जन्माची तारीख नाही. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना पक्का उल्लेख ३५४ सालच्या रोमी पंचांगात आहे, आणि त्यातली ती नोंद ३३६ च्या सुमाराची मानतात. ही तारीख कशी आली यावर दोन मतं आहेत : सम्राट औरेलियनने २७४ मध्ये वाढवलेल्या सूर्यपूजेच्या सणाला उत्तर म्हणून, किंवा २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस धरून त्यात नऊ महिने मिळवून. दुसरं मतही अभ्यासकांत भक्कमपणे मांडलं जातं, त्यामुळे "मूर्तिपूजकांचा सण उचलला" हे सिद्ध झालेलं असल्यासारखं म्हणू नये. जुनं ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो, आर्मेनियन मंडळीचा ६ ला. तारखेवर शिकवणीचं काहीच अवलंबून नाही.

सन मोजण्याची पद्धत डायोनिसियस एक्सिग्युअसने ५२५ मध्ये बसवली. हेरोदाचं मरण साधारणपणे इ. स. पूर्व ४ मध्ये मानतात आणि येशूचा जन्म त्याच्या आधीचा. म्हणजे "इ. स. १" ला येशूचा जन्म झाला नव्हता, काही वर्षं आधीच झाला होता.

नावनिशीची अडचण मात्र खरी आहे, ती झाकू नका. लूक २:२ मध्ये क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असतानाची नावनिशी आहे. इतिहासकार जोसीफसप्रमाणे त्याची नावनिशी इ. स. ६ मधली, म्हणजे हेरोदानंतर बऱ्याच वर्षांची. दोन्हींचा मेळ घालणारी उत्तरं अनेक आहेत (आधीची वेगळी नावनिशी, किंवा वचनाचं व्याकरण वेगळं लावणं), पण सगळ्यांना पटलेलं एकही नाही. कुणी विचारलं तर एवढंच प्रामाणिकपणे सांगा. विश्वासाचा आधार येशू कोण आहे आणि त्याने काय केलं यावर आहे, क्विरीनियच्या नेमणुकीच्या वर्षावर नाही. आणि अडचण नाहीच असं भासवलं, तर ऐकणारा पुढच्या प्रत्येक वाक्यावर संशय घेतो.

---

अंजिराचं झाड

शेवटच्या प्रश्नावर लिहितो, कारण तोच मुळाशी आहे.

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या परंपरेत विश्वासाचे तीन पदर सांगतात : माहिती, संमती, भरवसा. काय शिकवलं आहे ते ठाऊक असणं. ते खरं आहे हे मान्य असणं. आणि ज्याच्याविषयी ते आहे त्याच्यावर स्वतःला टाकणं. पहिले दोन असून तिसरा नसू शकतो. याकोब २:१९ मध्ये भुतंही विश्वास धरतात आणि थरथर कापतात असं म्हटलं आहे; त्यांची माहिती आणि संमती पक्की आहे.

मत्तय २ मध्ये हे समोरासमोर मांडलेलं आहे. हेरोद विचारतो, ख्रिस्त कुठे जन्मायचा? मुख्य याजक आणि शास्त्री क्षणात उत्तर देतात : यहूदीयातल्या बेथलेहेमात, आणि मीखाचं वचन म्हणून दाखवतात. उत्तर अगदी बरोबर. बेथलेहेम यरुशलेमपासून जेमतेम ९ किलोमीटर, आणि त्यांच्यापैकी कुणी गेल्याचं मत्तय लिहीत नाही. मागी लोकांची माहिती अपुरी, आकाशातल्या ताऱ्यावरून काढलेली, वाट विचारत विचारत आलेली. ते मात्र चालत राहतात आणि पाया पडतात. हेरोदाला तर गोष्ट इतकी खरी वाटते की तो तलवारी पाठवतो. तिघांनीही तीच बातमी ऐकली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या अध्यायात आहे : "मनाला भिडलं का" यापेक्षा "त्याच्याकडे निघालो का" हे विचारा.

भावना येतात-जातात. झोप, तब्येत, घरातली परिस्थिती, गाण्याची चाल यांवर त्या हलतात. सणाच्या रात्री डोळे भरून आले तर देवाचे आभार मानावेत, नाही आले तर स्वतःला अविश्वासी ठरवू नये. लूक २:१९ मध्ये मरीया काय करते बघा : या गोष्टी मनात ठेवते आणि त्यांचा विचार करत राहते. २:५१ मध्ये, मुलगा बारा वर्षांचा झाल्यावर, पुन्हा तेच वाक्य. तिलाही सगळं एका रात्रीत उलगडलं नाही.

प्रश्न विचारणं अविश्वास आहे का? लूक १ मध्ये दोघं विचारतात. जखऱ्या विचारतो, "हे मी कशावरून समजू?" मरीया विचारते, "हे कसं होईल?" वरवर दोन्ही सारखेच, पण जखऱ्या मुका होतो आणि मरीयेला उत्तर मिळतं. जखऱ्या हमी मागतो आहे, निरोपावर विसंबायच्या आधी. मरीया निरोप धरून पुढची वाट विचारते आहे, आणि उत्तर ऐकून स्वतःला प्रभूची दासी म्हणून पुढे करते. तरीही जखऱ्याला टाकून दिलेलं नाही हे विसरू नका. नऊ-दहा महिन्यांनी त्याच तोंडातून अध्यायातलं दुसरं मोठं गीत निघतं.

आता करायचं काय? पहिली गोष्ट, जे आहे ते देवाला जसंच्या तसं सांगा. मार्क ९:२४ मधल्या बापाची प्रार्थना पुरेशी आहे : माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही वाक्यं एकत्र म्हणता येतात. दुसरी, पश्चात्ताप नावानिशी करा. "मी पापी आहे" हे इतकं मोघम आहे की ते कुणालाही म्हणता येतं. कुणाशी, काय, केव्हा हे म्हणा. पैशाचं असेल तर परत करायची तारीख ठरवा, माणसाचं असेल तर २४ डिसेंबरच्या आत बोला. तिसरी, रोम १०:९ मधली कबुली, येशू प्रभू आहे, मोठ्याने, दुसऱ्या कुणापुढे तरी. चौथी, एकटे राहू नका. बाप्तिस्मा झाला नसेल तर पाळकांशी किंवा फादरांशी बोला. झाला असेल तर प्रभुभोजनाला, मिस्साला जा. कॅथलिक असाल तर धर्मगुरूंपुढे पाप कबूल करण्याचा संस्कार आगमनकाळातच (नाताळाआधीच्या आठवड्यांत) घ्या, आदल्या दिवसाच्या गर्दीवर सोडू नका. "वैयक्तिक" विश्वास म्हणजे खासगी विश्वास नव्हे. वैयक्तिक एवढ्यासाठी की तुमच्या वतीने तो दुसरा कुणी धरू शकत नाही.

आणि हे सगळं केल्याने तारण मिळतं असं समजू नका. इफिस २:८-९ स्पष्ट आहे, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि ते देवाचं दान. रिकामा हात पुढे करणं ही हाताची कमाई नसते.

---

रानफूल

खूप आभार. भुतांची माहिती आणि संमती पक्की, हे वाचून थबकायला झालं. दोन उपप्रश्न आहेत. लहान मुलांना यातलं काय आणि कसं सांगावं? आणि ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे, तिथे "आनंदाची बातमी" कशी वाचायची?

---

पहाटतारा

मुलांसाठी ५-६ मिनिटं, एक प्रसंग, एक प्रश्न. चांगलं सूत्र हवं असेल तर "भिऊ नको" हे घ्या. जखऱ्याला (लूक १:१३), मरीयेला (१:३०), योसेफाला (मत्तय १:२०), मेंढपाळांना (लूक २:१०), चौघांनाही देवदूत हेच सांगतो. चार आठवडे, चार प्रसंग. प्रत्येक वेळी विचारायचं : याला कशाची भीती वाटली असेल? मुलं स्वतःची भीती आपोआप सांगतात, तिथेच प्रार्थना करा.

गव्हाणीचा देखावा करत असाल तर २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवा, आणि मागी लोकांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ६ जानेवारीपर्यंत रोज थोडं पुढे सरकवा. वाट पाहणं म्हणजे काय ते मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

---

कोनशिला

देखाव्याला विरोध नाही; इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये तो मांडला तोही गरिबीतला ख्रिस्त डोळ्यांना दिसावा म्हणून. पण देखाव्यात काय शास्त्रातलं आणि काय नंतरचं, हे मोठ्या मुलांना तरी सांगा. मागी लोक तीन होते असं मत्तय म्हणत नाही. तीन वस्तू होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस. ते गोठ्यात आले नाहीत, "घरात" आले (२:११), आणि तोवर बराच काळ गेलेला असावा, कारण हेरोद दोन वर्षं आणि त्याहून लहान असा हिशेब करतो. बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत, ते यशया १:३ वरून आले. जागा नाही म्हणून हाकलून देणारा उतारशाळेचा मालक तर कुठेच नाही. लूक २:७ मधला ग्रीक शब्द "कातालुमा" हाच लूक २२:११ मध्ये शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी येतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (१०:३४) खऱ्या धर्मशाळेसाठी लूकने वेगळाच शब्द वापरला आहे. त्यामुळे नातलगांच्या घरातली पाहुण्यांची खोली भरलेली होती, म्हणून बाळाला गुरांच्या गव्हाणीत निजवलं, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

मुलं मोठी झाली की त्यांना पहिला धक्का हाच बसतो : जे शिकवलं त्यातलं अर्धं पुस्तकात नाही. मग उरलेल्या अर्ध्यावरही विश्वास बसत नाही.

---

पहाटतारा

मान्य, पण वयाचं बघा. पाच वर्षांच्या मुलाला कातालुमा नको. नऊ-दहाव्या वर्षी त्यालाच लूक २ आणि मत्तय २ हाती द्या आणि देखाव्यातलं काय काय सापडत नाही ते शोधायला सांगा. स्वतः शोधलेलं खुपत नाही.

---

दिवटी

शोक असलेल्या घराविषयी. त्या घरात आनंदाची सक्ती करू नका, आणि "देवाच्या मनात होतं" हे वाक्य पहिल्या भेटीत नकोच. ख्रिस्तजन्माच्या कथेतच रडण्याला जागा ठेवलेली आहे. मत्तय २:१८ मध्ये राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. हे वचन यिर्मया ३१:१५ चं आहे, आणि मत्तयाने त्याला घाईने "पण" जोडलेलं नाही. शिमोनही बाळ हातात घेऊन आईला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल (लूक २:३५).

वाचायला स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनं आहेत, सुरुवातीला चार वेळा "कोठवर?" असा प्रश्न. ते जमत नसेल तर स्तोत्र ८८, जे अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रातच आहे. त्यानंतर योहान १:५, उजेड अंधारात प्रकाशतो. एवढं एकच वचन, व्याख्यान नको. काही मंडळ्या २१ डिसेंबरच्या सुमारास, उत्तर गोलार्धातल्या सर्वांत लांब रात्रीच्या वेळी, शोक करणाऱ्यांसाठी शांत उपासना ठेवतात : गाणी कमी, मौन जास्त, गेलेल्यांची नावं घेऊन दिवे लावणं. जवळच्या चर्चमध्ये नसेल तर चार-पाच जणांत घरीही अर्ध्या तासात होते. त्या माणसाला मोठ्या उपासनेला यायचं असेल तर दाराजवळची जागा धरून ठेवा, मधेच उठून जाता यावं म्हणून. आणि गेला तर मागे धावू नका, दुसऱ्या दिवशी भेटा.

---

अंजिराचं झाड

दानाविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून जोडतो. २ करिंथ ८:९, तो धनवान असता तुमच्याकरता दरिद्री झाला, हे वचन नाताळच्या पत्रिकांवर छापतात, पण पौलाने ते यरुशलेममधल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठीच्या वर्गणीच्या संदर्भात लिहिलं आहे. म्हणजे देहधारणाचा अर्थ सांगता सांगता तो थैली उघडायला सांगतो आहे. रक्कम डिसेंबर सुरू व्हायच्या आधी ठरवा आणि बाजूला काढा. खर्च झाल्यावर उरेल ते द्यायचं ठरवलं तर काही उरत नाही. गुपचूप द्या (मत्तय ६:३). आणि शक्य असेल तिथे पैशासोबत स्वतः जा, कारण देवाने नुसता निरोप पाठवला नाही, तो आला.

---

रानफूल

शेवटचं एक. धागा उशिरा वाचणाऱ्यांसाठी, ज्यांच्याकडे एकच आठवडा उरला असेल त्यांनी काय वाचावं?

---

पहाटतारा

१८ तारखेपासून सात दिवस : १८ ला यशया ९:२-७, १९ ला लूक १:२६-३८, २० ला लूक १:४६-५५, २१ ला मत्तय १:१८-२५, २२ ला योहान १:१-१४, २३ ला फिलिप्पै २:५-११, आणि २४ च्या रात्री लूक २:१-२० सलग. शेवटचं सगळ्यांनी एकत्र बसून, एकाने मोठ्याने वाचावं. चारेक मिनिटं लागतात. वाचून झालं की लगेच गाणं सुरू करू नका, एक मिनिट तसंच बसा.